सिस्टरांचा मायक्रोप्लॅन आणि नऊ कप चहा

जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या आळीत कुणी नवं काही आणलं, की ते आधी ओट्या-ओट्यावरून तपासलं जातं आणि मगच घरात जातं. कल्याणी सिस्टरांची जाड टायरांची, गिअरची सायकल गेल्या वर्षी आली तेव्हा ही तपासणी चांगली तासभर चालली. एकाने टायर दाबून पाहिला, दुसऱ्याने किंमत विचारून घेतली. सिस्टर हेल्मेट घालून बाहेर पडल्या तशी समोरच्या ओट्यावरून हाक आली, "काय सिस्टर, खाणीत कामाला लागल्या का काय?"

"नाही भाऊ, तुमच्या पोटाचा घेर मोजायला लांब टेप आणायला निघालेय," सिस्टर म्हणाल्या आणि पायडल मारलं. तेव्हापासून त्या ओट्यावरून प्रश्न जरा जपून येतात.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्स. वय अठ्ठेचाळीस. त्यातली बावीस वर्षं पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर गेलेली. एसटी जिथे शेवटची थांबते, तिथून त्यांची ड्यूटी सुरू व्हायची. खांद्याला लसीचा थंड डबा आणि पुढे दोन-दोन तासांची चढण. त्या डब्याच्या पट्ट्याने उजव्या खांद्यावर जो वळ पडला, तो अजून गेलेला नाही.

गावातल्या डॉक्टर, मास्तर, वकील मंडळींचा रविवारचा सायकलचा ग्रुप आहे. त्यात आठ पुरुष आणि एक सिस्टर. नोव्हेंबरात या मंडळींनी चहाच्या टपरीवर मोठाच बेत आखला. डिसेंबरात चार दिवस सायकलने डोंगर पालथे घालायचे. जुन्नरहून गणेश खिंडीतून मढ, तिथून निमगिरीवरून घाटघर, मग डोंगर धरून आंबेगावात आहुपे आणि डिंभे धरणाच्या पाण्याकाठाने परत. ग्रुपचे म्होरके सुदर्शन सर, व्यायामाचे मास्तर. त्यांनी मोबाइलवर नकाशा काढला, कामं वाटली आणि सिस्टरांपाशी येऊन थांबले.

"सिस्टर, तुम्ही आपल्या मागच्या टेम्पोत बसा. फर्स्ट एडचा डबा सांभाळा. कुणी पडलं-झडलं तर घरचीच नर्स!"

सिस्टरांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. "डबाच सांभाळायचा तर मी ड्यूटीवर जाते की सर. तिथं पगार तरी मिळतो."

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. "आणि तुमच्या नकाशात आंबेवस्तीच्या वरून जो रस्ता दिसतोय ना, तो पाच पावसाळ्यांपूर्वी दरीत गेला. तुम्ही जाणार असाल तर आधी घरी सांगून जा."

"मग तुम्हीच करा की प्लॅन!" सर चिडून म्हणाले.

"करते."

शब्द तोंडातून गेला तो गेला. आठ जणांसमोर अट ठरली. येत्या रविवारी मढहून वरच्या माची या डोंगरवाडीपर्यंत सर आणि सिस्टर दोघांनीच जायचं. सकाळी सातला निघून अकराच्या आत पोचलं, तर चारही दिवस सिस्टरांच्या प्लॅनने आणि सिस्टर सगळ्यांच्या पुढे. नाही पोचलं, तर टेम्पो आणि डबा.

आता घरातलं कसं कळलं ते विचारू नका, आळीतल्या भिंती पातळ आहेत. रात्रीचं जेवण उरकल्यावर सिस्टरांनी पोलिओ मोहिमेच्या मायक्रोप्लॅनचे जुने छापील तक्ते पसरले. कुठली टीम, कुठली वाडी, किती अंतर, किती वेळ, सगळ्याला रकाने. 'लाभार्थी' खोडून 'सायकलवाले' केलं. 'जोखमीची वस्ती' खोडून 'जोखमीचा उतार'. नवरा रत्नदीप विहिरींवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून देणारा शांत माणूस. तो खांद्यावरून वाकून बघत होता.

"अगं, इथं 'नकार देणारी कुटुंबं' असा रकाना आहे. तिथं काय लिहायचं?"

"सुदर्शन सर."

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई, जानकाबाई, म्हणाल्या, "आमच्या येळंला बाईनं सायकलला हात लावला तर चाक बाटायचं. आन् ही चार दिस हिंडनार! डिंभ्याकडं माझं म्हायेर हाय. ही सायकलीवर तितं जानार आन् मी हितं शेंगा सोलू?"

"आत्या, आधी मला तर पोचू द्या," सिस्टर म्हणाल्या आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: सायकल चालवणे तीन तास वीस मिनिटं, विश्रांती चाळीस मिनिटं.

रविवारी ठीक सातला दोघं मढहून निघाले. पहिल्या चढाला सर उभ्याने पायडल मारत जोरात सुटले. सिस्टर हलक्या गिअरवर, भाकरी थापल्यासारख्या एका लयीत. अर्ध्या चढावर सर बाजूला उभे राहून धापा टाकत असताना सिस्टर त्यांच्याजवळून गेल्या, "पाणी घोट घोट घ्या हं," म्हणत. आंबेवस्तीला दोघं तक्त्यातल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच पोचले.

आणि तिथे वस्तीवरचा धर्माजी आडवा आला. म्हातारबांनी रस्त्यात उभं राहून हँडलच धरलं.

"आवं सिस्टर! आन् डबा कुटं हाय?"

"आज डबा नाही बाबा. आज मी पावणी."

पावणी म्हटल्यावर संपलंच. डब्याची बाई सुई टोचून निघून जाते, पण पावणीला चहा दिल्याशिवाय कोण सोडतो? धर्माजीचा चहा झाला, तर शेजारीण दारात. "त्यांचा घेतला, आन् आमचा काय कडू व्हता?" मग कुणाच्या सुनेला पाचवा महिना, कुणाचं बीपी, कुणी दाखवायला आणलेली पोरगी, जी सिस्टरांच्याच हातावर जन्मलेली आणि आता कॉलेजात जाणारी. दरीत गेलेला रस्ता टाळून दुसऱ्या वाटेने पुढच्या वस्तीवर गेले, तर बातमी सायकलच्या आधी पोचली होती. बशीवर बशी. सर नको म्हणाले तर त्यांच्या बशीत जास्तच ओतला गेला.

वरच्या माचीला पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सर एका दगडावर पोट धरून बसले. "नऊ कप, सिस्टर. मी मोजलेत. टेम्पोत खिडकीजवळची जागा देतो तुम्हाला."

खिशातून तक्ता काढून सिस्टरांनी वेळा लिहिल्या, बेरीज केली, पुन्हा केली. मग तक्ता सरांपुढे धरला. "हे बघा. सायकल चालवली तीन तास वीस मिनिटं. लिहिली होती तेवढीच. चढानं दगा दिला नाही सर, चहानं दिला."

"पण उशीर तो उशीरच ना?"

"उशीरच. आणि चूक माझी. इतकी वर्षं मी नव्या पोरींना शिकवते, पोलिओला पहिल्या दिवशी बूथ, मग घरोघर. आणि स्वतः आज सरळ घरोघर फिरले! एक रविवार द्या. तेव्हाही चुकले, तर डबा मांडीवर घेऊन बसेन, तोंड न उघडता."

सरांना नाही म्हणता आलं असतं. पण चढावर आपण कितीदा उतरलो, हे त्यांनाही ठाऊक होतं. "एकच," ते म्हणाले.

वरच्या माचीची चिमाबाई दारातून सगळं ऐकत होती. पोलिओच्या दिवशी सगळ्या वाड्यांना सांगावा धाडायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "म्हंजी चहाचा बूथ लावायचा म्हनता?"

"बूथच. आंबेवस्तीच्या शाळेपुढं, नऊ वाजता. सगळ्यांनी तिथं यायचं, पातेलं एकच. बीपी तिथंच बघते. रस्त्यात कुणी हँडल धरायचं नाही."

"आन् ज्यानं पिला त्याला वळकायचा कसा? आमची मानसं लई वंगाळ हायती, दुसऱ्यांदा पाजतील."

सिस्टरांनी बॅगेतून, पोलिओचा डोस दिल्यावर पोरांच्या बोटाला लावतात तो काळा मार्कर काढला. "डाव्या करंगळीला."

पुढच्या रविवारी नऊला शाळेपुढे सगळ्या वाड्या गोळा झाल्या होत्या. एक पातेलं, एक कप आणि करंगळीवर काळी खूण. अर्ध्या तासात मंडळ बरखास्त. पुढच्या वस्तीवर एका आजीबाईंनी किटली घेऊन सरांना अडवलंच. सरांनी हँडल न सोडता करंगळी वर केली. आजीबाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि मागे वळून ओरडल्या, "सोडा गं, याचं झालंया!"

वरच्या माचीला दहा वाजून पन्नास मिनिटं. सरांनी घड्याळ पाहिलं, करंगळी पाहिली आणि म्हणाले, "मला त्या नकारवाल्या रकान्यातून काढा आता." हे त्यांना कुणी सांगितलं, ते आळीत अजून कुणी कबूल करत नाही.

डिसेंबरात निघायच्या पहाटे थंडी मरणाची होती, तरी ओटे भरले होते. सर्वांत पुढे सिस्टर, खिशात चार दिवसांचे चार तक्ते. मागे सर आणि बाकीचे सात. शेवटी टेम्पो, चालवायला रत्नदीप आणि खिडकीजवळच्या जागेवर नवं स्वेटर घातलेल्या जानकाबाई, मांडीवर फर्स्ट एडचा डबा घट्ट धरून.

"आजी, माहेरी निघाल्या का?" ओट्यावरून कुणीतरी खोड काढलीच.

जानकाबाईंनी डब्यावर हात आपटला. "गप रं. ड्यूटीवर निगालेय."

पुढून सिस्टरांची घंटी वाजली.