ज्याला झोप येते, त्याला ध्येय नसतं

बातमीत न बसलेल्या गोष्टी वार्ताहराच्या डोक्यात तशाच पडून राहतात. नोकरीची वर्षं वाढतात तसा त्यांचा ढीगही वाढतो. लातूरच्या क्लासवाल्यांचे हे किस्से त्याच ढिगातले. ते आमच्या पेपरात का आले नाहीत, तेही सांगतो.

*

माझा धाकटा भाऊ दिलीप याचं अहमदपुरात बी-बियाण्यांचं दुकान आहे. मुलीला, अश्विनीला, डॉक्टर करायचं म्हणून त्यानं लातूरला नीटच्या क्लासला घातलं. एका पालक मेळाव्याला मीही गेलो होतो. जीवशास्त्राचे सर माईकवर म्हणाले, "ज्याला झोप येते, त्याला ध्येय नसतं."

हॉलभर टाळ्या. सगळ्यात जोरात दिलीपच्या.

बाहेर पडताना तो मला म्हणाला, "दादा, आपली पोरगी लई अभ्यास करून राहिली. झोपतच न्हाई."

लेकराचं अंग तापानं भाजतंय, हे कुणी कौतुकानं सांगतं का? हा सांगत होता.

*

तिच्या हॉस्टेलवर एक पद्धत होती. ज्या खोलीची लाईट सगळ्यात शेवटी बंद होईल, त्या खोलीचं नाव सकाळी फळ्यावर. पोरी हुशार. लाईट चालू ठेवून, तोंडावर ओढणी घेऊन खुशाल झोपायच्या. अश्विनी मात्र लाईट बंद करून, छातीची धडधड ऐकत पहाटेपर्यंत जागी. तिचं नाव फळ्यावर कधीच आलं नाही.

रेक्टरबाई मला म्हणाल्या, "तुमची पुतणी जरा आळशीच आहे हो. लवकर झोपते."

*

एक दिवस ती लातुरातल्याच माझ्या घरी आली. चहाचा कप हातात धरवेना, इतके हात कापत होते. मी दिलीपला फोन करून म्हटलं, डॉक्टरला दाखवू.

"डोक्याच्या डॉक्टरला? लातुरात नको दादा, कुणी बघितलं तर? नांदेडला न्या."

पोट दुखलं म्हणून कुणी जिल्हा बदलत नाही. तरी गेलो.

नांदेडचे डॉक्टर तिला समजावू लागले, "बेटा, मेंदूला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. ते ब्रेकसारखं काम करतं. मनात सतत धास्ती असली की हा ब्रेक ढिला पडतो आणि जागं ठेवणारी रसायनं..."

"नॉरॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल," अश्विनी म्हणाली. "म्हणून झोप लागत न्हाई. आणि झोप न्हाई झाली की धास्ती आणखी वाढते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुला हे माहीत आहे?"

"हाव सर. चॅप्टर झालाय."

"मग हेच आपल्याला होतंय, असं नाही वाटलं कधी?"

"त्याच्यावर प्रश्न येत न्हाई, सर."

*

डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, सध्या टेस्ट बंद, हॉस्टेल बंद. मी तिला माझ्याकडंच ठेवून घेतलं आणि रागाच्या भरात बातमी लिहिली. कुणाचं नाव न घेता.

संपादक म्हणाले, "लिहिलंय झकास. पण पहिल्या पानावर त्याच क्लासची जाहिरात आहे."

"मग शेवटच्या पानावर घ्या."

"तिथं त्यांच्या टॉपर पोरांचे फोटो आहेत."

*

रविवारी क्लासची मोठी टेस्ट होती. दुपारी दिलीप अहमदपूरहून तणतणत आला. चप्पलही काढली नाही.

"आजार-बिजार काय न्हाई दादा, तुम्हीच तिला लाडावून ठेवलं. टेस्ट दिलीच पाहिजे. कुठाय ती?"

मी भांडायच्या तयारीनं आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.

अश्विनी झोपली होती. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. तिला हलवायला दिलीप वाकला आणि तसाच थांबला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. सरांचा होता. आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, टेस्ट सुरू होतेय. कुठे आहे अश्विनी?"

दिलीपनं चप्पल काढून हातात घेतली. पावलं न वाजवता बाहेर आला, दार हळूच ओढून घेतलं आणि फोनपाशी तोंड नेऊन कुजबुजला,

"लई अभ्यास करून राहिली, सर. आता उठवता येत न्हाई."