धार लावलेलं अवजार

समजा, तुमच्या हातात एक अनोळखी अवजार आलं. वीतभर लांब, लाकडी मूठ, पुढे अंगठ्याएवढं वाकलेलं लोखंडी पातं. कशाचं असेल? आधी मूठ बघा. झिजलेली असेल तर रोजच्या वापरातलं. मग पातं बघा. इथवर या गोष्टीतल्या सुनेचंही बरोबरच होतं.

तिचे सासरे बूट शिवायचे; एक पाय आखूड असलेल्यांसाठी, बोटं वाकलेल्यांसाठी, मापाने. अर्धांगवायूने त्यांची वाचा आणि उजवा हात गेला, तेव्हापासून दुकान सून बघते. तिचं माप चोख, टाके सरळ. पण तिच्या बुटांनी टाच सोलते.

"आखूड पायाने लंगडतेच, आता चांगल्याही पायाने लंगडायला लावलंस!" शाळेतल्या बाई म्हणाल्या. हसल्या, पण बूट काढून ठेवले. "शुगर आहे गं मला. सोललेलं भरत नाही. तुझ्या सासऱ्यांच्या बुटांनी कधी असं झालं नाही. शुक्रवारी येते, शेवटचं."

सुनेने सासऱ्यांची हत्यारांची पेटी उपसली. तळाशी हे अवजार सापडलं. मूठ सगळ्यांत झिजलेली आणि पातं पार बोथट. बिनधारेचं हत्यार पेटीत ठेवायचं नाही, हा सासऱ्यांचाच नियम. आजारपणात राहून गेलं असेल, असं तिला वाटलं. दगडावर अर्धा तास घासून तिने धार काढली आणि हौसेने त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी डाव्या हाताने पातं चाचपलं. बोटावर रक्त आलं. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग बाईंचा बूट ओढून त्यांनी हात आत घातला आणि टाचेच्या शिवणीवरून नख दाबून दाबून फिरवलं.

"शिवण दाबून सपाट बसवायची? याने?"

मान हलली.

"म्हणजे ते बोथटच हवं होतं, बाबा?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

गुरुवारभर ती धार मोडत होती. पॉलिशपेपरने घासायची, अस्तर लावलेल्या चामड्याच्या तुकड्यावर दाबून बघायची. आधी अस्तर कापलं गेलं. मग चामड्यावर वळ उठला. अजून गोल केलं, तर शिवण दबेचना.

"बाबा, वळ उठू नये आणि शिवण तर बसावी," ती त्यांच्या खाटेपाशी बसली, "एवढं गोल व्हायला तुमच्या हातात किती वर्षं गेली होती?"