विरजणाची वाटी

आमच्या कॉटनपेटेतल्या गल्लीत कुणी बायकोवर हात उगारला, की कस्तुराबाई वाटी घेऊन त्याच्या दारात उभ्या राहायच्या. "स्वल्प विरजण द्या हो!" विरजण त्यांच्या घरी असायचंच. पण दार उघडावं लागायचं, आणि शेजारणीसमोर उगारलेला हात खाली यायचा.

मग त्यांचीच लेक वीणा पोलिसात लागली, महिला ठाण्यात आली. गल्लीला केवढा अभिमान! पूर्वी ज्याला घरातलं भांडण म्हणत, त्याला पोरीसोरीही गुन्हा म्हणू लागल्या. वीणा गणवेशात दिसली की पुरुषांचे आवाज खाली येत. हे खरंच चांगलं झालं. पण वाटी फळीवर गेली ती गेलीच. "आता वीणाक्का आहे की," म्हणत सगळे हात झटकून मोकळे. कस्तुराबाईंनाही वाटलं, लेकीच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?

त्या रविवारी सकाळी वीणा बंदोबस्ताला शहराबाहेर होसकोट्याला होती. गल्लीतून फोन आला. शेजारचा नागराज बायकोला, श्रीविद्येला मारत होता. "आतून कडी आहे, भांडी आदळतायत, लवकर ये." हा ठेवला तर दुसरा, मग तिसरा. वीणानं गस्तीच्या गाडीला कळवलं, पण ती बाजाराच्या गर्दीत अडकलेली. श्रीविद्येला सातवा महिना होता. पुन्हा फोन वाजला.

"वीणाक्का, आतला आवाज बंद झालाय गं."

तिनं घाईघाईनं घरी फोन लावला. "आई, वाटी घे."

"अगं, पण आता पोलीस..."

"वाटी घे आणि जा!"

कस्तुराबाई गेल्या. दार उघडेना. त्या कडी वाजवत, "विरजण द्या" म्हणून ओरडत राहिल्या. ते ऐकून एकेक बाई आपापली वाटी घेऊन मागे येऊन उभी राहिली. अखेर दार उघडलं. श्रीविद्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, पोटावर दोन्ही हात, पण जिवंत. कस्तुराबाईंनी तिला हाताला धरून आपल्या घरी आणलं.

वीणा पोचली तोवर गस्तीवाल्यांनी नागराजला गाडीत बसवलं होतं. गल्ली मात्र तिच्यावरच उखडली. जिभेला काय हाड असतं?

"इतका उशीर का गं केलास?"

वीणा श्रीविद्येचा ओठ पुसत होती.

"मी होसकोट्याला होते," ती म्हणाली. "तुम्ही तर दारातच होता."