छत्रीवाली बाई

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या जुन्या लाँचवर एक तांडेल होते. मी शाळेत शिकवायला रोज त्यांच्याच लाँचने जायचो. निघताना ते हाताचं बोट हलवत माणसं मोजायचे, आणि पलीकडे शेवटचा माणूस धक्क्यावर चढेपर्यंत सुकाणूवरून हलायचे नाहीत. उशीर होतो म्हणून लोक कुरकुरायचे. मीही.

एकदा मी त्यांना अलिबागला सुपरहिरोचा सिनेमा दाखवायला नेलं. तसलं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुलावरून लोंबकळणारी बस त्या उडत्या हिरोने एका हाताने वर घेतली, तेव्हा टाळ्या पडल्या. तांडेलांचं बोट मात्र अंधारात हलत होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"मानूस ताकदीचा हाय, मास्तर. पन बशीत बारा जना व्हती, उतरली अकराच. ती छत्रीवाली बाय कुठं गेली, त्यानं वलून बगलं पन न्हाय."

मी हसलो होतो.

आता तिथे गाड्या नेणारी मोठी बोट आहे, तांडेल नाहीत. दिघीला उतरलो की मी धक्क्यावर थांबतो आणि उतरणारी माणसं मोजतो. परवा सगळ्यांच्या मागून एक छत्रीवाली बाई उतरली, तेव्हा कुठे माझा पाय निघाला.