बंद ठेवलेलं भजनी मंडळ

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत कुणी तिरसट माणूस वठणीवर आणायचा असला की हेमाताईंना बोलावणं जायचं. तोंड न दाखवणारा प्लंबर असो की पार्किंगवरून भांडणारा शेजारी, त्या गोड बोलून काम फत्ते करत. बँकेच्या काउंटरवर उभा जन्म गेलेला, माणूस ओळखायला त्यांना वेळ लागत नसे.

मात्र त्यांच्याच भजनी मंडळात सरोजिनीताई होत्या. घरात एकट्या, कानाच्या पक्क्या आणि जिभेच्या तिखट. अभंग जरा रंगात आला की यांनी हात वर केलाच. "अहो, सम येऊन गेली. आपण कुठे राहिलात?" बायका रडकुंडीला आल्या. "एक तर त्या राहतील, नाहीतर आम्ही," ऋचाने निर्वाणीचं सांगितलं.

सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा उपाय हेमाताईंनी काढला. "सगळ्यांनाच अडचणी आहेत, नवरात्रापर्यंत मंडळ बंद," असं सरोजिनीताईंना सांगून त्यांनी मंडळ मागच्या गल्लीत ऋचाच्या घरी हलवलं. सरोजिनीताईंनी लगेच विश्वास ठेवला. "मग तोवर मी एकटीच म्हणत बसेन घरी," एवढंच म्हणाल्या. हेमाताईंना कसंसंच झालं, पण त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

काही दिवस झकास गेले. मग एका संध्याकाळी ऋचाच्या दारात, हातात भाजीची पिशवी घेऊन, सरोजिनीताई उभ्या. रस्त्याने जाताना त्यांना टाळ ऐकू आले होते. टाळ रस्त्यावर ऐकू जातील, हे एवढ्या हुशार हेमाताईंना कसं सुचलं नाही, कोण जाणे!

"आजच... सुरू केलं," हेमाताई पुटपुटल्या.

"बरं झालं," म्हणत सरोजिनीताई कोपऱ्यात जाऊन बसल्या.

तेव्हापासून त्या नेमाने येतात आणि अवाक्षर काढत नाहीत. "सुधारल्या हो! तुम्ही जमवलंत," बायका हेमाताईंना म्हणतात. ते कौतुक हेमाताईंना बोचतं. सरोजिनीताई भांडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर माफी तरी मागता आली असती.

काल हेमाताईंनी मुद्दाम सम चुकवली. सरोजिनीताईंचा हात मांडीवर अडखळला, पण त्या खाली बघत राहिल्या. भजन संपल्यावर हेमाताईंनी त्यांना दारात गाठलं. "चुकले ना मी? सांगा ना, पूर्वीसारखं."

"छान झालं की," चपला घालत सरोजिनीताई म्हणाल्या. "आणि बोलले, तर तुम्हाला पुन्हा घर शोधावं लागेल."