सीटखालच्या अक्षता

बाबा गेल्यावर त्यांची उघड्या टपाची जुनी अमेरिकन मोटार मी दुरुस्तीला काढली. एके काळी गावातली प्रत्येक वरात तिच्यातूनच निघायची. गादीवाल्या उस्मानचाचांनी मागची सीट उसवली, तर खाली किडामुंगीतून वाचलेल्या, काळपट पडलेल्या अक्षता. किती नवरानवरींच्या केसांतून, शालूच्या घड्यांतून ओघळल्या असतील! त्यांतली कितीतरी माणसं आता नाहीत. त्यांना दिलेले आशीर्वाद मात्र अजून इथंच.

"झाडून टाकू?" चाचांनी विचारलं.

आईनं चिमूटभर दाणे तळहातावर घेतले. "आमच्याही असतील यात," ती म्हणाली.

चाचांनी झाडू बाजूला ठेवला. उरलेल्या अक्षता वेचून त्यांनी नव्या काथ्यात पसरल्या, आणि आईच्या हातातल्या दाण्यांसाठी शेवटची शिवण उघडी ठेवून ते थांबले.

आईनं मूठ उघडली नाही.