लाल ठिपका

पेडणेकर गेले, असा सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "खात्री केलीत?" पलीकडे वहिनी रडता रडता हसल्या. तो प्रश्न त्यांच्या नवऱ्याचा होता. दूधवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ते तोच विचारत.

वेंगुर्ल्याचा हा माणूस चंडीगडला विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायला आला. समुद्राकाठचा म्हणून आमच्या नौकानयन क्लबाने बचावहोडीची मोटार त्यांच्या गळ्यात घातली. होडीच्या मागे अडकवायचं इंजिन ते. तलावात वल्ही मारायला शिकणारी पोरं पाण्यात पडली तर धावून जाण्यासाठी. पहिल्याच वर्षी ती बंद पडली आणि नावाड्याचा फोन आला, "सरजी, टंकी खाली है." पेडणेकर म्हणाले, "मालूम है, खालीच रहती है. आगे बोलो." टाकी खरोखरच होडीच्या तळाशी असे. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामी, हे त्यांना उमगेपर्यंत मनीमाजऱ्याच्या गुरमेल मिस्त्रीने ठणठणीत मोटार सुटी करून, पुन्हा जोडून, दणदणीत बिल धाडलं होतं. पेडणेकर भांडायला गेले. गुरमेल म्हणाला, "मोटर आप भेजोगे तो खोलूंगा ही ना जी. आरती थोड़ी उतारूंगा?"

नव्वदीची मधली वर्षं होती. बाजार खुला झाल्याचं आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचत होतो, सेक्टरातल्या दुकानांत परदेशी चॉकलेटं आली होती. आमच्या मोटारीचे सुटे भाग मात्र सिंगापूर, मुंबई, दिल्ली अशी यात्रा करत येत आणि प्रत्येक मुक्कामी महाग होत. मोटार थंड ठेवणाऱ्या पंपातली एक रबरी चकती... तिचा भाव ऐकून पेडणेकर म्हणाले, "ह्या रबर आसा की पोवळा?" मोटार उघडणं त्यांना जमे, जोडणं जमत नसे. म्हणून दुरुस्तीला धाडण्याआधी ते आतल्या भागांवर वहिनींच्या नेलपॉलिशचा ठिपका देत आणि बदललेला जुना भाग परत मागत. ठिपकेवाला परत आला, म्हणजे नवा बसला. असे भाग एका कापडी पिशवीत साठत गेले.

क्लबाच्या अध्यक्षांना फिती कापायची हौस. मोटार विकून धक्क्यावर कारंजं बसवावं, असं त्यांच्या मनात होतं. दुरुस्तीत काही गडबड सापडायचाच अवकाश. एका बैठकीत ते मधाळपणे म्हणाले, "पेडणेकर जी, इतना महंगा रबर? बंबई में तो आपकी जान-पहचान होगी..." मंडळी चहाच्या कपांत हसली. पेडणेकरांनी पिशवी टेबलावर ओतली. लाल ठिपके न्याहाळून एक सभासद म्हणाले, "निशान तो आपने ही लगाए हैं ना?" पेडणेकर भाग पुन्हा पिशवीत भरू लागले. गडबड मात्र सापडली नाही, त्यामुळे मोटार राहिली. पेडणेकरांवरचा संशयही राहिला.

त्याच उन्हाळ्यात भर दुपारी आंधी आली, दोन मुलींची नाव उलटली, आणि मोटार पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मुली वाचल्या. सत्कार अध्यक्षांचा झाला. पेडणेकर मागच्या रांगेत बसून शाल खरी रेशमी आहे का, याची चर्चा करत होते.

परवा वहिनींकडे गेलो. पिशवी दारामागच्या खिळ्यावर तशीच. वहिनींनी कपाटातून एक चकती वेगळी काढून हातात दिली. तिच्यावरचा ठिपका गुलाबी होता.

"हा माझा रंग नव्हे," त्या म्हणाल्या. म्हणजे गुरमेलने जुनी चकती आतच ठेवली होती. भंगारातल्या भलत्याच चकतीला ठिपका देऊन बिल नवीचं लावलं होतं. "बैठकीत ही त्यांच्या खिशात होती. म्हणाले, ही दाखवलंय तर मोटारच जायत."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी गुरमेलसमोर ठेवली. एवढंच म्हणाले, रंग गलत है. त्याने मुकाट्याने नवी बसवली."

"तुम्ही होतात तिथे?"

"होते की, स्कूटरवर मागे."

मी नेलपॉलिशची बाटली मागितली. आतला रंग वाळून खडा झाला होता, पण गडद लालच. खिडकीशी जाऊन मी बाटली आणि चकती शेजारी शेजारी धरली, उजेडात फिरवून पुन्हा पाहिली...

"खात्री केलीत?" मागून वहिनींनी विचारलं.